अक्रोडसाहेबांचं ‘लव्ह’

“शी इज क्रॅकिंग!” नव्या साच्याच्या लोखंडी पाठीवर थाप मारून अक्रोडसाहेब ओरडले, आणि मी चेअरमनसाहेबांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, “अण्णा, तडे जायला लागलेत म्हणतायत.”

अण्णा मगदुमांचा चेहरा उतरला. त्यांच्या मिशा आमच्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होत्या, त्याही उतरल्या.

“कुठं?”

“ते नाही सांगितलं.”

“बंद करा! बंद करा म्हणतो मी!”

साचा म्हणजे सूत कातायचं यंत्र. चारशे चात्या एकदम गरगरत होत्या, त्या हळूहळू थंडावल्या. दहा-बारा कामगार बॅटऱ्या घेऊन साच्याच्या पोटाखाली शिरले आणि तडे शोधायला लागले. अक्रोडसाहेब हात पसरून माझ्याकडे आले. “व्हॉट्स अप? व्हॉट्स अप, लव्ह?”

मी वर छताकडे बघितलं. वर काही नव्हतं.

ही गोष्ट इचलकरंजीतली, त्र्याऐंशी सालची. गावाबाहेर नवीन सहकारी सूतगिरणी उभी राहत होती आणि तिच्यासाठी तीन साचे इंग्लंडहून बोटीनं आले होते. ते जोडून, चालवून, आमच्या माणसांना शिकवून परत जायचं, एवढ्यासाठी तिकडच्या कंपनीनं यॉर्कशायरचा एक फिटर पाठवला होता. नाव स्टॅन्ली ॲक्रॉइड. गिरणीत ते पहिल्याच दिवशी अक्रोड झालं. माणूसही तसाच होता, बुटका, टणक, तपकिरी टकलावर सुरकुत्या.

आणि मी हेमलता कबाडे. इंग्रजी घेऊन एम.ए., सेकंड क्लास. गावच्या कॉलेजात तासावर शिकवत होते. अण्णा कॉलेजच्या कमिटीवर होते. त्यांनी आमच्या प्राचार्यांना सांगून मला दोन महिन्यांसाठी दुभाषी म्हणून मागून घेतलं.

मला अक्रोडसाहेबांचं एक अक्षर कळत नव्हतं.

मी शिकले होते ते पुस्तकातलं इंग्रजी. कॉलेजात आमचे प्राध्यापकसुद्धा इंग्रजी मराठीतून शिकवायचे. जिवंत माणसाच्या तोंडून ते कसं बाहेर पडतं हे मी कधी ऐकलंच नव्हतं, आणि हा माणूस तर निम्मे शब्द गिळायचा आणि उरलेले कुठल्याच डिक्शनरीत नसायचे. पण पंचवीस कामगार माझ्या तोंडाकडे बघत उभे. ‘कळलं नाही’ म्हणायची मला लाज वाटली. मग मी सांगायला लागले, “साहेब म्हणतायत, तेल वेळेवर घाला.” हे वाक्य कधी चुकत नसे. साहेब पाच मिनिटं बोलले तरी तेल वेळेवर घाला, दहा मिनिटं बोलले तर तेल वेळेवर घाला आणि कापूस उडू देऊ नका. पंधरा दिवस हे चाललं. तोवर यंत्रं नुसती जोडायची होती, म्हणून निभावलं.

त्या दिवशी दोन तास तडे शोधले. अण्णांनी मुंबईच्या एजंटाला तार करायला माणूस पाठवला. शेवटी इसाकचाचा माझ्याजवळ आले. इसाक बागवान म्हणजे आमचे जॉबर, कामगारांवरचे मुकादम, सगळ्यात वयस्कर माणूस. आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे ते ऐकण्यापेक्षा तोंडाकडे बघून ओळखायचे.

“बाई, रागवू नगा. पर ज्याच्या मशीनला तडा गेला त्यो माणूस असा हसत न्हाई. त्यो खुशीत हुता.”

“असेल,” मी म्हणाले.

“आनि तेलाचं तुमी रोज सांगताय. साहेब बोलताना हात चातीवर ठिवतो, आनि तुमी तेल सांगताय.” ते हळूच म्हणाले. “मी कुनाला बोललो न्हाई.”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पदर तोंडाला लावला, कापूस उडतोय असं दाखवलं, आणि तशीच अक्रोडसाहेबांकडे गेले. मोडकंतोडकं, पण खरं सांगितलं. मला तुमचं बोलणं समजत नाही. आजवर मी मनचं सांगत होते. क्रॅकिंग म्हणजे तडे जाणं ना?

त्यांनी आधी ऐकून घेतलं. मग ते खाली बसले, कापसाच्या गाठीला टेकले, आणि टक्कल लाल होईपर्यंत हसले. क्रॅकिंग म्हणजे एकदम झकास. त्यांच्या गावी बायको सुंदर दिसली तरी क्रॅकिंग, कालवण चांगलं झालं तरी क्रॅकिंग. ते स्वतः अण्णांकडे गेले, आपला अंगठा वर केला, साच्याचा मुका घेतला. अण्णांना अर्थ पोचला. तारेचा माणूस पोस्टातून परत आणला.

त्या दिवसापासून मी एक शंभर पानी वही घेतली. सकाळी दहाला आणि दुपारी चारला चहाची सुट्टी व्हायची, त्याला साहेब ‘ब्रू’ म्हणायचे. मी आणि इसाकचाचा त्यांच्याजवळ स्टूल टाकून बसायचो. नॅकर्ड म्हणजे पार दमलेला. मशीनही नॅकर्ड होतं आणि माणूसही. चफ्ड म्हणजे खूश. गिव्ह ओव्हर म्हणजे काहीतरी देणं नव्हे, ‘चल, काहीतरीच काय!’ इसाकचाचा प्रत्येक शब्दाला लगेच आपला शब्द लावायचे. नॅकर्डला ‘इस्कटलेला’. साहेबांना ते इतकं आवडलं की दुपारी चारला ते कपाळ पुसत म्हणायचे, “आय ॲम इस्कटलेला.”

आणि लव्ह. ‘टा, लव्ह’ म्हणजे ‘आभारी आहे, बाई.’ तिकडे दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो, कंडक्टर म्हातारीला म्हणतो. आपण अनोळखी बाईला ‘ओ ताई’ म्हणतो, तितकंच त्याचं वजन.

पण आमच्या गावात इंग्रजीतला जो एक शब्द शेंबड्या पोरालाही येत होता, तो नेमका हाच. गेटवरच्या टाइमकीपरनं ऐकला. बातमी आठवड्याभरात गांधी पुतळ्यापर्यंत गेली, तिथून विट्याला पोचली. कबाड्यांच्या पोरीला गोरा लव्ह म्हणतो आणि ती दिवसातून दोनदा त्याच्याबरोबर चहा घेते.

विट्याला पोचली हे वाईट झालं, कारण माझं लग्न विट्यात ठरत होतं. मुलगा अविनाश, सांगलीला बँकेत. त्याचे वडील नरहरी भंडारे म्हणजे आमच्या समाजातलं मोठं नाव, हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक, तीस वर्षं इंग्रजी शिकवलेले. मला बघायला आले तेव्हा मुलगा खाली मान घालून पोहे खात होता आणि सरांनी माझी परीक्षा घेतली. ‘राम ईट्स अ मँगो’ पॅसिव्हमध्ये करून दाखव. मी केलं. “आर्टिकलकडे लक्ष असू दे,” सर म्हणाले आणि पसंती कळवली. अट एकच, लग्नानंतर नोकरी नाही. आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ‘बरं’ म्हटलं. मला कुणी विचारलं नाही. मीही काही बोलले नाही. चोविसावं लागलं होतं.

आमच्या घरात पुढच्या सोप्यात चार यंत्रमाग होते, ते दिवसभर चालायचे. माग बंद झाले तर समजायचं, एकतर वीज गेली नाहीतर कुणी माणूस गेलं. त्या संध्याकाळी आप्पांनी स्वतः चारी माग बंद केले. हातात विट्याचं पत्र होतं.

“त्यो गोरा तुला काय म्हणतो?”

“लव्ह म्हणतात, आप्पा. पण ते तिकडं सगळ्यांनाच म्हणतात. त्यात काही नसतं.”

“सगळ्यांना? मग अण्णांना म्हणतो?”

अण्णांना म्हणत नव्हते. इसाकचाचांनाही नाही.

“भंडारेसर सोमवारी गिरणीत येणार हायत,” आप्पा म्हणाले. “सोता त्याच्याशी इंग्रजीत बोलणार. काय असंल ते तिथंच कळंल.”

दुसऱ्या दिवशी ब्रूच्या वेळी मी साहेबांना विचारलं, तुम्ही गड्यांना लव्ह का म्हणत नाही? ते ओशाळले. म्हणाले, घरी म्हणतो की. आमच्याकडे खाणकामगारसुद्धा एकमेकांना म्हणतात. पण पहिल्यांदा परदेशी कामाला गेलो तेव्हा एका गड्याला सवयीनं म्हणालो, तर त्यानं माझी कॉलर धरली. तेव्हापासून बाहेर असलो की पुरुषांच्या बाबतीत जीभ सांभाळतो.

मग मी त्यांना एक विनंती केली. सोमवारी माझ्या ओळखीचे एक वडीलधारे गृहस्थ येणार आहेत, त्यांच्यासाठी. साहेबांनी डोळे बारीक केले, पण कारण विचारलं नाही.

सोमवारी सकाळी दहाला भंडारेसर आले. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, कोटाच्या खिशाला दोन पेनं. बरोबर आप्पा, धुतलेल्या धोतरात, रात्रभर न झोपल्यासारखे. अण्णाही केबिनमधून बाहेर आले. गिरणीत काय चाललंय ते त्यांच्याही कानावर होतंच. मी चहाच्या स्टुलांजवळ उभी होते.

“हेमलता, तू बोलायचं नाहीस,” सर म्हणाले. “दुभाषी नको. मला इंग्रजी कळतं.”

“बरं, सर.”

ते साहेबांपुढे ताठ उभे राहिले आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये भाषण करावं तशा आवाजात एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “मिस्टर ॲक्रॉइड, व्हॉट इज द नेचर ऑफ युवर रिलेशन विथ धिस गर्ल?”

अक्रोडसाहेबांनी कानामागे हात धरला. “यू व्हॉट, लव्ह?”

सरांची मान एकदम मागे गेली. साहेबांनी फक्त ‘काय म्हणालात, दादा?’ असं विचारलं होतं. पण सरांना त्यात दोनच शब्द ऐकू आले, ‘तू’ आणि ‘प्रेम’. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा स्वतःच्या कोटाकडे.

साहेबांनी स्टूल पुढे सरकवलं. “सिट यू डाउन, लव्ह.” मग किटली उचलली. “ब्रू, लव्ह?”

सर बसले नाहीत. आता कामगार जमायला लागले होते. सुट्टीच होती. अण्णांना राहवलं नाही. “सर, काय म्हणतोय हा?”

सरांनी रुमालानं ओठ टिपले. तो चेहरा मला ओळखीचा वाटला. पंचवीस माणसं तोंडाकडे बघतायत, समोरचा काय बोलला ते कळलेलं नाही आणि तसं म्हणायची सोय नाही. महिन्याभरापूर्वी तो चेहरा माझा होता. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण मला बोलायचं नाही अशी ताकीद होती, आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

“तो म्हणतोय,” सर म्हणाले, “की… त्याच्या मनात प्रेम आहे.”

“कुनाबद्दल?” इसाकचाचांनी विचारलं.

“ते… ते त्यानं स्पष्ट केलेलं नाही.”

“न्हाई, त्यो तर तुमच्याकडं बघून म्हनतोय. तीनदा म्हनला. मी मोजलं.”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. अण्णा पुढे झाले, तसे साहेब उठले, अदबीनं त्यांच्यासाठीही स्टूल ओढलं आणि म्हणाले, “मॉर्निंग, लव्ह!”

अण्णांचा हात मिशीवर गेला आणि तिथंच राहिला. आप्पांनी आधी अण्णांकडे बघितलं, मग सरांकडे, मग माझ्याकडे. त्यांचं तोंड उघडं होतं.

“हा मनुष्य शुद्धीवर नाही,” सर कडाडले. “प्यालेला आहे!”

“सकाळचं धा वाजल्यात, सर,” इसाकचाचा म्हणाले. “चा सोडून काय बी घेतलेलं न्हाई. मी हितंच हाय सातपासनं.”

आता पन्नास माणसं हसत होती, आणि काय झालं कळत नसतानाही सगळ्यात मोठ्यानं अक्रोडसाहेब. सर वळले आणि गेटच्या दिशेनं चालायला लागले. त्यांची चाल ताठच होती, पण टोपी थोडी वाकडी झाली होती आणि ती सरळ करायला हात वर जात नव्हता. ते बघून माझं हसू जिरलं. आप्पा अण्णांची समजूत काढण्यात अडकले होते. मी सरांच्या मागे धावले.

गेटजवळच्या कडुनिंबाखाली ते थांबले होते. मला बघून तोंड फिरवलं.

“सर.”

पलीकडे ट्रकमधून कापसाच्या गाठी उतरत होत्या, ते त्याच बघत राहिले. मग अगदी हळू, आमच्या गावात कुणी बोलत नाही इतक्या हळू त्यांनी विचारलं, “हेमलता, त्या शब्दाचा अर्थ काय?”

मी सांगितलं. दादा, बाई, ताई, कुणालाही हाक मारायचा शब्द. प्रेमाशी संबंध नाही. ‘यू व्हॉट’ म्हणजे ‘काय म्हणालात’. ‘ब्रू’ म्हणजे चहा.

“डिक्शनरीत आहे?”

“मला नाही सापडला.”

“मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं,” सर म्हणाले. “पण इंग्रज माणसाशी आज पहिल्यांदा बोललो.” त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, पेन उघडलं आणि तीनही शब्द अर्थासह लिहून घेतले. स्पेलिंग दोनदा विचारलं. लिहून झाल्यावर माझ्याकडे रोखून बघितलं. “त्याला हे तू शिकवलंस?”

“नाही, सर. मी फक्त म्हणाले की येणारे गृहस्थ आम्हाला घरच्यासारखे आहेत, तुम्ही तुमच्या घरी बोलता तसं त्यांच्याशी बोला.”

“म्हणजे तू माझं हसं करायला बोलावलंस.”

“तुम्ही स्वतः आलात, सर. मला वाटलं, तुम्हालाच तो लव्ह म्हणाला की तुम्हाला कळेल त्यात काही नाही, आणि तुम्ही तसं सगळ्यांना सांगाल. तुम्ही सांगितलं असतंत तर सगळ्यांनी ऐकलं असतं.”

सरांनी डायरी मिटून खिशात ठेवली, टोपी सरळ केली.

“तुला आमच्या घरात यायचंय का?” त्यांनी विचारलं.

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारत होतं. उत्तर तयार नव्हतं, तरी तोंडातून आलं. “नोकरी सोडून नाही यायचं, सर.”

“अट मी घातली आहे. शब्द दिल्यावर मी मागे घेत नसतो.”

“मग नाही.”

सरांनी मान हलवली. राग होता की काय होतं, मला आजही सांगता येणार नाही. तेवढ्यात आप्पा धापा टाकत आले. हात जोडून म्हणाले, “सर, चूक झाली. पोरीचा काही दोष न्हाई, आत्ता बघितलंत न्हवं, त्यो सगळ्यांनाच…”

“मी सर्व समजून घेतलं आहे, गणपतराव,” सर म्हणाले. “मुलगी निर्दोष आहे. हे मी समाजात चारचौघांत सांगेन. परंतु पत्रिका पुन्हा पाहिली. नाडी एक येते. नाइलाज आहे.”

आप्पा बघतच राहिले. पत्रिका-बित्रिका मी मानत नाही, असं सरांनी आमच्याच सोप्यात बसून ठणकावलं होतं. पण त्यांना ‘तुम्ही खोटं बोलताय’ असं कोण म्हणणार?

घरी आल्यावर आप्पांनी माग सुरू केले, जेवले नाहीत. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी आईनंच त्यांना सुनावलं, “नाडीला पोरगी काय करणार? आणि एवढं मोठं माणूस चारचौघांत पोरीला चांगलं म्हणतंय, ते कुणामुळं?” सरांनी शब्द पाळला होता. विट्याहून जो येईल तो सांगत होता की भंडारेसरांनी स्वतः चौकशी केली, मुलगी धुतल्या तांदळासारखी आहे, आणि तो इंग्रजीतला शब्द फार जुना आणि सभ्य आहे. फार जुना हे त्यांनी पदरचं घातलं होतं.

अक्रोडसाहेब महिन्यानं गेले. तीनही साचे चालू करून गेले. निघताना अण्णांनी त्यांना कोल्हापुरी फेटा बांधला. साहेबांनी हात जोडले आणि अण्णांना काय म्हणाले ते सांगायला नको. अण्णांनी या वेळी मिशीला हात लावला नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी आमच्याकडे विट्याहून एक पोस्टकार्ड आलं. माझ्या नावे. पोस्टमननं आधी स्वतः वाचलं, मग आप्पांनी वाचलं, मग मला मिळालं. अक्षर शाईचं, वळणदार.

‘कु. हेमलता हीस अनेक आशीर्वाद. काल रेडिओवर इंग्रजी समालोचन ऐकताना ‘जॅमी’ असा शब्द आला. खेळाडूच्या अंगावर जॅम सांडल्याचा संदर्भ दिसत नाही. अर्थ कळवावा. न. रा. भंडारे.’

“लग्न मोडलं आणि कार्डं कसली लिहितोय म्हातारा?” आप्पा म्हणाले.

मी उलट टपालानं लिहिलं की जॅमी म्हणजे नशीबवान, लायकीपेक्षा जास्त मिळालेला. अक्रोडसाहेबांनी जाताना सांगितलेल्यांपैकी होता, वहीत सापडला. पंधरा दिवसांनी दुसरं कार्ड आलं, मग तिसरं. जे वहीत नसायचं त्यासाठी मी यॉर्कशायरला पत्र टाकायची, तिकडून उत्तर यायला महिना लागायचा, सर तोवर थांबायचे. त्यांनी कधी आठवण केली नाही. कॉलेजात माझे तास वाढले, पुढच्या जूनमध्ये मला पूर्ण वेळ घेतलं. तेही मी त्यांना कळवलं. त्यावर त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, ‘आर्टिकलकडे लक्ष असू दे.’

त्या वर्षी दिवाळीच्या आधी आलेलं कार्ड मी अजून जपून ठेवलं आहे. वरच्या निम्म्यात एका शब्दाची विचारणा. खालच्या निम्म्यात, अक्षर जरा बारीक करून, असं:

‘चि. अविनाशचा विवाह मार्गशीर्षात योजिला आहे. मुलगी कराडची, हायस्कुलात शिक्षिका आहे. नोकरी सोडणार नाही असे तिने पहिल्याच भेटीत सांगितले. मी बरे म्हणालो. कळावे.’

मी ते दोनदा वाचलं. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? एक वर्ष उशिरा शहाणा झालेला माणूस, आणि शहाणं करणारी मी. मग हसू आलं. आत माग चालू होते, त्या आवाजात आईला ओरडून सांगितलं की भंडारेसरांच्या घरी लग्न आहे. कोरं कार्ड घेतलं, आधी अभिनंदन लिहिलं, आणि खाली त्यांनी विचारलेल्या शब्दाचा अर्थ, दोन उदाहरणांसह.